डॉक्टरांनी सांगितलेली थंड हवा

माणसाला काहीतरी वेड असावं असं सगळेच म्हणतात. पण त्या वेडाला चार चाकं असली की हेच सगळे घड्याळात बघायला लागतात. माझं गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. ते उतरावं म्हणूनच बहुधा नशिबाने मला विमा कंपनीच्या क्लेम खात्यात चिकटवून दिलं. आठवडाभर मी चेपलेल्या दारांचे, फुटलेल्या दिव्यांचे आणि झाडाला मिठी मारून बसलेल्या बोनेटांचे फोटो बघतो. दुसरा कोणी असता तर घाबरून सायकल घेतली असती. मी मात्र प्रत्येक फोटोतली गाडी मनातल्या मनात ठोकून सरळ करतो, रंगवतो, पुसून लखलखीत करतो आणि मगच क्लेम नामंजूर करतो.

आमच्याकडे एक गाडी आहे. पांढरी, चार दारांची, ऐसपैस डिकीची. बायकोच्या शब्दांत, 'शहाणी गाडी'. थंडीत एका झटक्यात सुरू होते, पेट्रोल बेताने पिते, वाटेत कधी बंद पडत नाही. तिच्याबद्दल तक्रार करायला कुठे जागाच नाही, आणि हीच माझी तिच्याबद्दलची तक्रार आहे.

अशात एके दिवशी फोनवर मला 'ती' दिसली. गडद हिरवी, ठेंगणी, दोनच माणसांची, वरचं कापडी छप्पर काढून ठेवता येणारी. मालक म्हणजे बोटीवरचे निवृत्त इंजिनिअर. शहराबाहेर डोंगरावर राहणारे. जाहिरातीखाली लिहिलं होतं, 'गाडीवर प्रेम असेल तरच फोन करावा. चौकशीखोरांनी त्रास देऊ नये.' मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि फोनचा आवाज बारीक केला. फोटोला आवाज नसतो हे नंतर लक्षात आलं.

त्या दिवसापासून माझा फोन घरात पालथा पडायला लागला.

गुप्त योजना म्हटली की सल्लागार हवाच. ऑफिसातले कॅशिअर म्हणाले, "घरी अजिबात विचारू नका. विचारलं की संपलं. आधी गाडी दारात उभी करायची आणि मग बायकोला खिडकीत बोलवायचं. मी फटफटी अशीच घेतली." सल्ला पटण्यासारखा होता. फक्त हे कॅशिअर तेव्हापासून दोन्ही वेळा कँटीनमध्ये जेवतात, ही गोष्ट मी तेव्हा पुरेशी मनावर घेतली नाही.

दुसरी अडचण पार्किंगची. आमच्या इमारतीत पार्किंगची जागा मिळवण्यापेक्षा देशाचं नागरिकत्व मिळवणं सोपं आहे, आणि या सगळ्याच्या किल्ल्या चेअरमनच्या हातात. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि शक्य तितक्या निष्पाप चेहऱ्याने म्हणालो, "सहज विचारतो, समजा एखाद्याला दुसरी गाडी ठेवायची असेल, तर?"

"कोणाला?"

"समजा हो."

"समजायला माझी हरकत नाही. ठेवायला आहे," चेअरमन म्हणाले. "आणि या इमारतीत सहज कोणी काही विचारत नसतं. तुमच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे."

एवढ्यावरही मी खचलो नाही. गाडी आधी बघून तर येऊ, मग ती कुठे ठेवायची ते बघू, असं ठरवून मी कडाक्याच्या थंडीतला एक रविवार निवडला. थंडीच का? तर अशा सकाळी आमच्या घरातलं कोणी पांघरुणाबाहेर नाक काढत नाही, हा माझा अनुभव. बायकोला सांगितलं, "डोंगरावर एक अपघाताची गाडी बघायला जायचंय. सर्व्हेअर रजेवर आहे."

"रविवारी?"

"अपघाताला वार नसतो," मी गंभीरपणे म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा म्हणालो. तिथेच चुकलं. खरं बोलणारा माणूस एक वाक्य दोनदा म्हणत नाही.

बायकोने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "डोंगरावरच जाताय ना? मग आईला घेऊन जा. तिची मैत्रीण तिथेच राहते. कधीपासून म्हणतेय ती."

सासूबाई आमच्याकडेच असतात. शाळेत पर्यवेक्षिका होत्या. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांची नजर झाली नाही. अजूनही त्या खोलीत आल्या की मी नकळत शर्टाचं बटण लावतो. त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे, "मला खोटं बोलता येत नाही आणि ऐकून घेता येत नाही." अशा बाईंना शेजारी बसवून मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बघायला निघालो.

बेत असा होता की त्यांना मैत्रिणीकडे सोडायचं आणि आपण मोकळं व्हायचं. मैत्रिणीच्या दाराला भलंमोठं कुलूप. शेजारणीने खिडकीतून सांगितलं, "त्या ना? मुलीकडे गेल्यात. थंडी संपली की येतील."

"असू दे," सासूबाई परत गाडीत बसत म्हणाल्या. "तुमचं काम बघू. अपघाताची गाडी कधी जवळून बघितली नाही मी."

इंजिनिअरसाहेबांच्या अंगणात ती उभी होती. फोटोत दिसली त्यापेक्षा कितीतरी सुंदर. धुकं होतं, पण तिच्यापुरतं ते बाजूला झाल्यासारखं वाटत होतं. मी तिथेच विरघळलो. सासूबाईंनी मात्र तिला एक पूर्ण फेरी मारली, वाकून बघितलं, आणि विचारलं, "कुठे फुटलीय?"

मी तिच्या आरशावरचं दव पुसायला लागलो.

"जावईबापू, ही गाडी कुठे फुटलीय?"

मी सगळं सांगून टाकलं. शाळेत मुलं कशी सांगत असतील ते मला त्या क्षणी समजलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिला माहीत नाही?"

"नाही."

"घरी गेल्यावर तिने विचारलं तर मी सांगणार."

"आणि नाही विचारलं तर?"

"मग आपण होऊन सांगेन."

एवढ्यात इंजिनिअरसाहेब बाहेर आले. उघडी छाती, हातात मळकं फडकं आणि बघण्याची पद्धत अशी की आपण मुलगी मागायला आलोय. "मी गाडी कोणालाही देत नाही," ते म्हणाले. "आधी तिच्याबरोबर एक चक्कर मारून या. परत आलात की तुमच्या तोंडावरून मला कळेल."

"छप्पर लावून देता का?" मी हात चोळत विचारलं.

"छप्पर लावून ही गाडी चालवायची म्हणजे छत्री घेऊन पोहायला जाण्यासारखं आहे. आणि एक लक्षात ठेवा, पेट्रोलचा काटा नेहमी अर्ध्यावरच असतो."

किती काळजी घेणारा मालक, मी मनात म्हणालो. टाकी कायम अर्धी भरलेली ठेवतो.

मी सासूबाईंकडे वळलो. "आई, तुम्ही आत बसून चहा घ्या. मी हा आलोच."

"यात दोन माणसं बसतात ना?" सासूबाईंनी शालीचं टोक खोचलं, कानटोपी खाली ओढली आणि दार उघडून बसल्यासुद्धा. "चला. चुकीच्या कामात का होईना, पण सोबत कोणीतरी जबाबदार माणूस हवं."

थंडी म्हणजे काय हे काचेच्या आत बसणाऱ्याला कळत नाही. तिथून ती नुसती दिसते. छप्पर नसलेल्या गाडीत ती आपल्याला भेटायला येते. बाहीतून शिरलेला वारा माझं सगळं अंग तपासून कॉलरमधून बाहेर पडत होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि कान आहेत की मागेच कुठे पडले हे बघायला हात सोडायची सोय नाही. गाडीला हिटर होता, पण त्याची सगळी माया माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर होती. तरीही सांगतो, इतका सुखी मी कधी नव्हतो. इंजिन असं घुमत होतं की छातीतलं काहीतरी त्याच्या सुरात लागत होतं. वळणावर ती रस्त्याला चिकटून अशी फिरायची की मलाच वळल्यासारखं वाटायचं.

सासूबाईंनी दाराची कड घट्ट धरली होती. मी घाबरत घाबरत विचारलं, "आई, फार वेगाने जातोय का?"

"पुढच्या त्या टेम्पोच्या मागे किती वेळ राहणार आहात?" त्या म्हणाल्या.

मी टेम्पोला मागे टाकलं. सासूबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. तो किंकाळीचा नव्हता. त्यानंतर त्यांनी एक सायकलवाला, एक दूधवाला आणि एक मोठी काळी गाडी मला बोटाने दाखवली आणि मी त्या तिघांना मागे टाकलं. कसं सांगू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंना माझं एखादं काम पसंत पडत होतं.

आणि मग एका वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. काटा अर्ध्यावर होता. मी त्याच्यावर टिचकी मारली. तो अर्ध्यावरच राहिला. इंजिनिअरसाहेबांच्या वाक्याचा खरा अर्थ मला तेव्हा लागला. खिशातून फोन काढला, तर त्याला रेंज नव्हती.

आम्ही असे रस्त्याच्या कडेला उघड्यावर बसलेलो असताना खालून चढावर एक सायकल येताना दिसली. चकचकीत हेल्मेट, घट्ट चड्डी, तोंडातून वाफ. सायकल जवळ येऊन थांबली. हेल्मेटखाली आमचे चेअरमन होते.

"तुम्ही? इथे?" त्यांनी गाडीकडे बघितलं. "ही कोणाची गाडी?"

त्यांच्या डोळ्यांत मला जिन्यातलं ते सगळं संभाषण परत आलेलं दिसलं. मी तोंड उघडलं, पण थंडीने जबडा आखडला होता. आणि तेवढ्यात, आयुष्यात कधीही खोटं न बोललेल्या माझ्या सासूबाई बोलल्या.

"डॉक्टरांनी यांना थंड हवा सांगितलीय."

चेअरमन दचकले. "थंड हवा? कशासाठी?"

"छातीसाठी. उघडी गाडी मुद्दाम मागून आणली."

"पण झालंय काय?"

इथे थांबायला हवं होतं. पण सवय नसलेल्या माणसाला खोटं कुठे थांबवायचं तेही कळत नाही. सासूबाई त्यांच्याकडे झुकल्या आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात कुजबुजल्या, "ते यांना अजून सांगितलेलं नाही."

चेअरमननी माझ्याकडे बघितलं. माझं नाक लाल, ओठ निळे, गालांवरून पाणी वाहतंय. ते सायकलवरून उतरले. माझा हात हातात घेतला. या माणसाने कधी माझ्याकडे मेंटेनन्सची पावती मागण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आता त्यांनी खिशातून एक केळं काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"खा," ते भरल्या गळ्याने म्हणाले. "आणि पार्किंगचं मनाला लावून घेऊ नका. जागेचं काय हो... जागा काय, सगळ्यांनाच एक दिवस..." पुढचं त्यांच्याने बोलवेना. ते सायकलवर बसले आणि मागे वळून बघत निघून गेले.

"आई!" मी म्हणालो.

"तुम्हीच म्हणाला होतात ना कोणाला कळायला नको?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते, आणि ते फक्त थंडीने नव्हते. "काय पण सोपं असतं हो ते. उगाच घाबरत होते मी इतकी वर्षं."

अर्ध्या-पाऊण तासाने धुकं जरा पातळ झालं, तेव्हा उताराच्या शेवटी पेट्रोलपंपाची पाटी दिसली. मी गाडी ढकलायची आणि सासूबाईंनी स्टिअरिंग धरायचं असं ठरलं. मी त्यांना ब्रेक दाखवायला लागलो तर म्हणाल्या, "अख्खी शाळा वळवलीय मी. एवढीशी गाडी वळवता येणार नाही?" उतार साधाच होता, रस्ता सरळ होता. मी ढकललं. गाडी हलली. गाडी माझ्या आधी पोहोचण्याच्या घाईत होती हे मला नंतर कळलं. मी मागून धावत, ओरडत, "मधला दाबा! आई, मधला!" आणि पुढे सासूबाई, ताठ मानेने, शालीचं टोक वाऱ्यावर, मागे न बघता. पंपाच्या अगदी तोंडाशी त्यांनी गाडी अशी उभी केली की पंपवाला उठून उभा राहिला. मी पोहोचलो आणि तिथल्या एका जुन्या टायरवर कोसळलो.

खाली आल्यावर माझ्या फोनला रेंज आली आणि तो खिशात थरथरायला लागला. थांबेचना. चेअरमननी वाटेतूनच इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'आपले एक सभासद फार मोठ्या प्रसंगातून जात आहेत. कृपया त्यांच्यासमोर विषय काढू नये.' खाली आमचा फ्लॅट नंबर.

मी बायकोला फोन लावणार, तेवढ्यात पंपावर एक व्हॅन येऊन करकचून थांबली. व्हॅनवर मोठ्या गाईचं चित्र होतं. आमच्या तळमजल्यावर जनावरांचे डॉक्टर राहतात; शहाणी गाडी मी नेल्यामुळे बायकोला मिळालेलं ते एकच वाहन आणि तेवढा एकच डॉक्टर. ती घरातल्या चपलांवर, स्वेटर उलटा घालून उतरली. तिला काय दिसलं? नवरा टायरवर पडलाय, धापा टाकतोय, चेहरा लालभडक, हातात अर्धं केळं.

"अहो!" ती धावत आली. "काही बोलू नका. अजिबात बोलू नका."

"अगं, मी..."

"बोलू नका म्हटलं ना! डॉक्टर, बघा ना."

डॉक्टरांनी वाकून माझ्या छातीला नळी लावली. बाजूच्या बरगड्यांवर हात फिरवला. "धाप आहे," ते म्हणाले. "नाक ओलं आहे."

"ते चांगलं की वाईट?"

"आमच्याकडे चांगलं," डॉक्टर म्हणाले.

"ते ठणठणीत आहेत," मागून सासूबाईंचा आवाज आला. "मी खोटं बोलले."

तिला ते ऐकूच आलं नाही. आई खोटं बोलली हे वाक्यच तिच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतं. सासूबाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं. मग मी सांगितलं. गाडी, जाहिरात, इंजिनिअर, काटा, सगळं. ती ऐकत राहिली, आणि मग माझ्या शेजारी, त्याच टायरवर बसली. मला वाटलं आता ओरडेल. ती रडायला लागली. हुंदके देऊन. मधेच माझ्या दंडावर एक गुद्दा मारायची आणि परत रडायची. डॉक्टर आणि सासूबाई व्हॅनवरच्या गाईकडे बघत उभे राहिले.

टाकी भरल्यावर सासूबाई व्हॅनमध्ये बसल्या. बायको हिरव्या गाडीत येऊन बसली. मी चढ चढायला लागलो. धुकं विरत होतं. थंडी होतीच. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "फोन पालथा ठेवायचात. मी आले की बंद करायचात. एकदा झोपेत म्हणालात, 'काय तिचा बांधा आहे.'"

"ते मी बॉडीबद्दल..."

"गप्प बसा. मला वाटलं, कोणीतरी आहे. रोज ठरवत होते, आज विचारू, उद्या विचारू. आणि मग चेअरमनचा फोन आला. त्या व्हॅनमध्ये सगळ्या वाटेत मी एकच म्हणत होते. कोणीतरी असू दे. बाई असू दे नाहीतर काहीही असू दे. पण हे नको."

मी गाडी कडेला घेतली. चालवता येत नव्हती. या वेळी डोळ्यांतलं पाणी वाऱ्याचं नव्हतं.

इंजिनिअरसाहेब फाटकाशीच उभे होते. मी चावी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "गाडी फार सुंदर आहे. पण आम्हाला नकोय."

"कोणाला नकोय?" बायको म्हणाली.

"अगं, तू नकोच म्हणशील."

"मला विचारलंत?"

"नाही, पण..."

"मग विचारा."

त्या अंगणात, दोन परक्या आणि एका सख्ख्या माणसासमोर (व्हॅन मागोमाग आली होती), लाल नाकाने आणि बधिर कानांनी मी माझ्याच बायकोला विचारलं. आमचं लग्न ठरतानासुद्धा मी तिला काही विचारलं नव्हतं, घरच्यांनीच परस्पर ठरवलं होतं. त्यामुळे मला सवय नव्हती. दोनदा अडखळलो. म्हणालो, मला ही गाडी फार आवडलीय, आपण घेऊ या का?

तिने गाडीला एक फेरी मारली. अगदी तिच्या आईसारखी. मग इंजिनिअरसाहेबांना म्हणाली, "तेवढा काटा नीट करून द्याल का?"

ते माझ्या तोंडाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होते. "देतो," ते म्हणाले.

इमारतीत अजूनही मी लिफ्टमध्ये शिरलो की लोक आवाज खाली आणतात. कितीतरी दिवस आमच्याकडे सूपचे डबे येत होते. चेअरमननी त्याच दिवशी 'आजारी सभासदाच्या सोयीसाठी' म्हणून लिफ्टजवळची जागा लेखी देऊन टाकली होती. आता ती परत घ्यायची तर आपण जिवंत माणसाला पाहून रडलो होतो हे सभेत सांगावं लागेल, म्हणून ते काही बोलत नाहीत. फक्त मी शिट्टी वाजवत जिना चढताना दिसलो की त्यांचा चेहरा कडवट होतो.

गाडी आमची झाली. तिला धुतो मी, पुसतो मी, तेलपाणी बघतो मी. पण तिच्यात जागा दोनच आहेत आणि घरात आम्ही तिघं. परवाच्या रविवारी अशीच हाडं गोठवणारी थंडी होती. पांघरुणातून नाक बाहेर काढून बघतो तो दाराशी सासूबाई, कानटोपी घालून, शाल खोचून तयार. बायकोच्या हातात चावी.

"आम्ही जरा डोंगरावर जाऊन येतो," ती म्हणाली. "तुम्ही झोपा. थंडी आहे."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हिरवी गाडी फाटकातून बाहेर पडली. पार रस्त्याच्या टोकाला जाईपर्यंत सासूबाईंची शाल दिसत होती. मग दिसेनाशी झाली, आणि नुसता आवाज राहिला. पहिला गिअर. दुसरा. चढाला लागल्या. आता तिसरा टाकायला हवा, मी कठड्याला धरून पुटपुटलो, आता, आता... टाकला. जरासा लवकर टाकला. पण घरी आल्यावर मी काही बोलणार नाही.